सॅन वान बेटांजवळ बोटीतून ऑर्का पाहताना प्रत्यक्षात काय दिसते?

सिअॅटलला येणाऱ्या आईवडिलांना बोटीतून ऑर्का, म्हणजे काळे-पांढरे ‘किलर व्हेल’, दाखवायला न्यावे का आणि तिथे नेमके काय दिसते, असे आपण विचारले आहे. गेल्या ऑगस्टमध्ये मी अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील सॅन वान बेटावरच्या फ्रायडे हार्बरहून अशा सफरीला गेलो होतो. माझे उत्तर होकारार्थी आहे, मात्र ऑर्का बोटीच्या अगदी जवळ येतील अशी अपेक्षा ठेवू नये.

पहिले दोन तास आम्ही केवळ पाणी न्याहाळत होतो. मग दूरवर वाफेसारखा फवारा उडाला आणि त्यामागून नराच्या पाठीवरचा, पुरुषभर उंचीचा काळा पर सरळ वर आला. कप्तानाने इंजिन बंद केल्यावर त्यांचा श्वास सोडण्याचा जोरदार फुस्कारा इतक्या अंतरावरूनही स्पष्ट ऐकू आला, आणि छायाचित्रांत कधीच न सापडणारी ही गोष्ट माझ्या मनात सर्वांत खोल रुतली. तो कळप एका मादीचा आणि तिच्या तीन अपत्यांचा होता. त्यांतला नर पूर्ण वाढलेला असूनही आईच्या बाजूने पोहत होता. थोड्या वेळाने ते चौघे एकाच जागी घोटाळू लागले, वर समुद्रपक्षी जमले आणि पाण्यावर तेलकट तवंग पसरला. सील मारला गेला होता, पण शिकारीचा क्षण आम्हांला दिसलाच नाही.

हे ‘बिग्ज’ ऑर्का होते. परांचे आणि पाठीवरील करड्या पट्ट्याचे फोटो जुळवून एकेक प्राणी ओळखण्याची पद्धत 1970 च्या दशकात रुजवणारे कॅनडाचे संशोधक मायकेल बिग यांचे नाव त्यांना दिले आहे. ते सील, समुद्रसिंह असे सस्तन प्राणी खातात आणि सावजाला चाहूल लागू नये म्हणून शिकारीच्या वेळी बहुधा गप्प राहतात. याच पाण्यात येणारे ‘सदर्न रेसिडेंट’ ऑर्का मात्र मुख्यतः चिनूक सॅमन या माशांवर जगतात. त्यांची संख्या आता ऐंशीच्याही खाली आहे. 1960 आणि 1970 च्या दशकांत मत्स्यालयांसाठी त्यांची पिल्ले पकडून नेली गेली, पुढे सॅमन घटला. शिवाय ते प्रतिध्वनीवरून मासा शोधत असल्यामुळे बोटींच्या आवाजाने त्यांची उपासमार वाढते. म्हणूनच 2025 पासून वॉशिंग्टन राज्यात त्यांच्यापासून 1000 यार्ड, म्हणजे जवळपास एक किलोमीटर, दूर राहण्याचा नियम आहे. हे अंतर मला मुळीच खटकत नाही. कप्तानाला ‘अजून थोडे जवळ न्या’ असा आग्रह आपणही कृपया करू नये.

आईवडिलांना बोट लागत असेल, तर त्याच बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरील लाइम किल्न पॉइंट उद्यानात न्यावे. तेथे किनाऱ्यालगतच पाणी खोल असल्याने ऑर्का कधीकधी खडकांजवळून जातात. ते दिसतीलच अशी खात्री नसते, त्यामुळे गरम कपडे, दुर्बीण आणि दुपारचा डबा बरोबर घेऊन निवांत बसण्याच्या तयारीने जावे.