सासऱ्यांचं जुनं .३२ वेब्ली रिव्हॉल्व्हर विकायचंय. ते डीलरकडे ठेवलंय आणि तो १ लाख १० हजार म्हणतोय. योग्य किंमत कशी ठरवायची? आधी पॉलिश करून घेतलं तर भाव वाढेल का?

पॉलिश करू नका. बाकीचं उत्तर सावकाश वाचा, पण डीलरला आत्ताच फोन करून सांगा की वस्तूला मशीन लावायचं नाही. मऊ फडक्याने पुसायचं, तेलाचा हलका हात फिरवायचा आणि ठेवून द्यायचं.

इतक्या तिडकीने लिहितेय, कारण याच एका गोष्टीवरून मी आणि माझा मोठा भाऊ २०११ पासून भांडतोय.

अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, बर्मिंगहॅमच्या वेब्ली अँड स्कॉट कंपनीचं .३२ मार्क फोर होतं. तीन इंची नळी, सहा गोळ्यांचं. तासगावजवळ आमची द्राक्षबाग. वस्ती मळ्यात, गावापासून लांब, आणि बेदाण्याचे पैसे रोखीने यायचे. त्यावर अण्णांना परवाना मिळाला होता. उभ्या आयुष्यात त्यांनी ते कुणावर रोखलं नाही, पण रविवारची साफसफाई कधी चुकवली नाही. खिडकीपाशी वर्तमानपत्र पसरायचं, गोळ्या काढून डब्यात बंद करायच्या आणि मग आम्हाला जवळ बसू द्यायचं. डाव्या अंगाला अंगठ्याखाली खटका असतो. तो दाबला की नळी बिजागरीवरून खाली वाकते आणि सिलिंडरच्या मधली, काडतुसं बाहेर ढकलणारी चांदणी वर उचलली जाते. फ्लॅनेलचे चौकोन कापून द्यायचं काम माझं. दादा दोन मिनिटं बसायचा आणि बॅट घेऊन पळायचा.

बागेत थ्रिप्सची कीड बघायला अण्णा जे भिंग वापरायचे, त्याच भिंगातून त्यांनी मला शिक्के दाखवले होते. वर बारीक मुकुट आणि खाली इंग्रजी अक्षरं: बीव्ही, बीपी, एनपी. बर्मिंगहॅमला १८१३ पासून प्रूफ हाउस आहे. तिथे नेहमीपेक्षा जास्त दाबाची गोळी झाडून हत्यार तपासतात आणि टिकलं तरच हे शिक्के मारतात. एनपी म्हणजे धूर न करणाऱ्या दारूसाठी तपासलेलं. मुकुटावरचे ठिपकेसुद्धा मला मोजता यायचे.

१९९९ ला लोकसभा आणि विधानसभा एकदम लागल्या. नेहमीप्रमाणे हत्यार ठाण्यात जमा करायला सांगितलं. ऐन पावसाळा. परत मिळालं ते दमट कापडात गुंडाळलेलं, आणि खटक्याखाली फ्रेमवर तुरीच्या दाण्याएवढा गंजाचा डाग. अण्णांनी आठवडाभर तेल लावून गंज उतरवला, खाली बारीक खड्डा राहिला. दादा तेव्हाच म्हणाला होता, घासून टाका. अण्णा म्हणाले, "डाग वरचा आहे. घासलं तर अक्षरं जातील."

२००९ ला अण्णा गेले. आमच्या दोघांकडेही परवाना नव्हता, म्हणून रिव्हॉल्व्हर एका परवानाधारक डीलरकडे जमा केलं. त्याने पहिल्यांदा बघून १ लाख ८० हजार सांगितले, डागासकट. दादाला वाटलं, डाग गेला तर दोन लाख येतील. मला न विचारता त्याने तिथेच ६ हजार देऊन ते बफ आणि रीब्लू, म्हणजे मशीनने घासून वर ब्लूइंगचा काळा थर नव्याने, करून घेतलं. मी बघायला गेले तेव्हा ते काळंभोर चकचकीत झालं होतं. पर्समधून भिंग काढलं. मुकुटाचा नुसता गोळा उरला होता. बीपीमधला पी वाचता येत नव्हता. फ्रेमच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गोल झालेल्या, स्क्रूच्या खाचा रुंदावलेल्या. आणि तो खड्डा? काळ्या रंगाखाली होता तसाच.

महिन्याभराने त्याच डीलरने १ लाख २५ हजार सांगितले. म्हणाला, "ताई, रीब्लू केलेल्या मालावर गिऱ्हाईक शंका घेतं." ज्याने पैसे घेऊन रीब्लू केलं, त्याच्याच तोंडून हे ऐकलं. दादाने सही केली.

गिऱ्हाइकाची शंका मात्र चुकीची नाही. आगीत सापडलेलं, पाण्यात पडलेलं, नंबर खोडलेलं हत्यारसुद्धा बफ केल्यावर असंच दिसतं. खाली काय होतं ते दिसत नाही, म्हणून घेणारा वाईटात वाईट धरून चालतो आणि तेवढी किंमत कापतो. घासता घासता फ्रेमवरचा नंबर पुसट झाला, तर प्रश्न किंमतीपुरता राहत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याचं कलम ८ ओळखखुणा पुसण्याबद्दलच आहे, आणि नंबर नसलेलं हत्यार विकताच येत नाही.

आता तुमच्या १ लाख १० हजारांबद्दल.

अमेरिकेतल्या लिलावांचे आकडे बघू नका. तिथे वेब्ली काहीशे डॉलरना मिळतं. आपल्याकडचा भाव टंचाईचा आहे. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य परवानाधारकासाठी परदेशी हत्यारांची आयात जवळपास बंद झाली, म्हणून त्याआधी देशात आलेली तेवढीच हातोहात फिरतात. शिवाय .३८ आणि ९ एमएम हे बोर, म्हणजे नळीच्या छिद्राची मापं, सामान्य माणसाला निषिद्ध, त्यामुळे रिव्हॉल्व्हर घेणारा बहुतेक माणूस .३२ कडेच वळतो. कानपूरच्या सरकारी कारखान्याचं नवीन .३२ आज करासकट कितीला पडतं ते विचारा आणि तो तळ धरा. आतून धड असलेलं बर्मिंगहॅमचं वेब्ली त्याच्या खाली देऊ नये, हे माझं ठाम मत आहे. नुसत्या वेब्ली नावाचे वेगळे पैसे मागू नका. २०२० पासून उत्तर प्रदेशात हरदोईला नवीन वेब्लीही बनू लागली आहेत. पैसे बर्मिंगहॅमच्या शिक्क्यांचे मिळतात, आणि ते वाचता आले तरच.

आतून धड आहे का, ते डीलरच्याच टेबलावर, रिकामं करून, तुमच्या समोर बघायचं. बंद करून मूठ एका हातात आणि नळी दुसऱ्या हातात धरा, हळूच हलवा. मधून मोडणाऱ्या रिव्हॉल्व्हरचं पहिलं दुखणं बिजागरी. तिथे खुळखुळलं तर भाव धाडकन उतरतो आणि तो उतरणं योग्यच. मग घोडा, म्हणजे मागची हातोडी, सावकाश मागे घ्यायला सांगा, सहाही खणांवर. घोडा पूर्ण मागे जाईपर्यंत सिलिंडर जागेवर अडकलं पाहिजे. एखाद्या खणावर अडकत नसेल तर टायमिंग, म्हणजे घोडा आणि सिलिंडरचा मेळ, गेलंय. चढवलेल्या घोड्याला मागून अंगठ्याने दाब दिला तर तो सुटता कामा नये. शेवटी उघडून पांढरा कागद मागे धरा आणि नळीतून बघा. आटे, म्हणजे आतल्या पिळाच्या खाचा, धारदार आणि चकचकीत दिसले पाहिजेत. बारीक खरबरीतपणा असेल तर थोडं कमी होईल, पण बाहेरच्या डागापेक्षा आतल्या डागाला जास्त कापतात आणि ते बरोबर आहे.

गोळी कोणती बसते तेही विचारा. खडकीच्या कारखान्याची .३२ लाँग, बुडाशी केएफ ही अक्षरं असलेली, बसत असेल तर चिंता नाही. काही फार जुन्या .३२ मध्ये आखूड गोळीच बसते, लाँग पूर्ण आत जात नाही. असं हत्यार वापरणारा कुणी घेत नाही, हौशी माणूसच शोधावा लागतो.

कागदपत्रं हा किंमतीचाच भाग समजा. परवान्यावरचा नंबर आणि फ्रेमवरचा नंबर एकेक आकडा जुळवा. आमच्याकडे ३ चा ८ वाचला गेला होता, तो दुरुस्त करून घ्यायला चार महिने गेले. सासऱ्यांची जुनी खरेदी पावती असेल तर ती जपा, मूळ डबा असेल तर तोही. मुठीच्या पट्ट्या बदलल्या असतील आणि जुन्या कपाटात पडल्या असतील, तर शोधून काढा.

आणि घाई करू नका. दादाचं म्हणणं असं की मी दोन वर्षं अडवून ठेवलं म्हणून भाव पडला. त्याच दुकानातून त्याच वर्षी दुसरं .३२ वेब्ली १ लाख ९० हजारांना गेलं. मुठीची एक पट्टी तडकलेली, ब्लूइंग निम्मं उडालेलं, पण शिक्के स्वच्छ. मी ते हातात घेऊन बघितलंय. बाजार पडला असता तर ते कसं गेलं असतं? मी प्रत्येक दिवाळीत हेच विचारते आणि दादा ताटात बघतो. वहिनी म्हणते, पैसे तर वाटून झाले, सोड आता. पैशांचं मला काही नाही. अण्णांनी दहा वर्षं जो डाग नुसत्या तेलाने धरून ठेवला, तो माणूस गेल्यावर दोन वर्षांत मशीनखाली घातला, याचा मला राग आहे.

तुमच्या डीलरच्या आकड्याबद्दल एवढंच सांगेन की तो विकत घेणारा आहे, त्याला त्यात नफा काढायचाय. दुसऱ्या दोन परवानाधारक डीलरांना फोटो दाखवा. परवानाधारक खाजगी गिऱ्हाईक मिळालं तर साहजिकच जास्त मिळेल, पण त्यात वेळ जातो: विक्रीचा इरादा आणि घेणाऱ्याचं नाव-पत्ता जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस थांबावं लागतं. घेणाऱ्याच्या परवान्यावर खरेदीची मुदत बाकी आहे का तेही बघा.

दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. आमचा व्यवहार २०११ चा. त्यानंतर २०१६ चे शस्त्र नियम आले, २०१९ ची दुरुस्ती आली, एका माणसाला तीनाऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतात. म्हणून वारसांच्या अर्जाचं आधी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या, आयुक्तालयात राहत असाल तर पोलीस आयुक्तांच्या, शस्त्र परवाना शाखेत विचारा. आणि सासऱ्यांचा परवाना आहे, तुमचा नाही. त्यामुळे दुसऱ्या डीलरला दाखवायला ते पिशवीत घालून स्वतः नेऊ नका.

हत्यार कुणी आधीच बिघडवलेलं असेल, पूर्वीच कधी रीब्लू झालं असेल, तर माझं अर्धं उत्तर तुम्हाला लागू नाही. तेव्हा बिजागरी, टायमिंग आणि नळी धड असेल तर १ लाख १० हजार वाईट नाहीत.

तोवर उद्या सकाळी डीलरकडे जा आणि दारातल्या उजेडात प्रत्येक शिक्क्याचा जवळून फोटो काढून ठेवा. नंबरचा फोटो इथे टाकू नका, मुकुटाचा टाका. ठिपके मोजता येतात का ते मी बघून सांगते.