बॅटरीवर नाव ज्याचं, जबाबदारी त्याची
(वाचकांचे प्रश्न)

प्रश्न : ताई, आम्ही रिचार्जेबल टॉर्च आणि छोटे पंखे परदेशातून मागवतो आणि आमचा ब्रँड छापून विकतो. बॅटरी आत बसवूनच येते. आम्ही बॅटरी बनवत नाही, सुटी विकतही नाही. तरी परवा एका घाऊक गिऱ्हाइकाने ‘तुमचं ईपीआर रजिस्ट्रेशन दाखवा’ म्हणून अडवलं. हे आम्हाला लागू होतं का? – एक व्यापारी

उत्तर : हो, लागू होतं. ईपीआर म्हणजे वस्तू वापरून संपल्यावरही तिची जबाबदारी उत्पादकाचीच, हे तत्त्व. गिऱ्हाइकाने अडवलं ते बरंच केलं.

ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्र सरकारने बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम आणले. त्याआधीचे २००१ चे नियम फक्त शिसे-आम्ल बॅटरीपुरते होते, त्यामुळे टॉर्च-खेळण्यांचा धंदा करणाऱ्यांना हे आपलं कामच नाही असं वाटत आलं. आता संरक्षण आणि अवकाश क्षेत्र सोडलं, तर सगळ्या बॅटऱ्या नियमात आल्या आहेत, मग रसायन कोणतंही असो आणि आकार कितीही असो. जबाबदारीही फक्त कारखानदारावर नाही. दुसऱ्याकडून बनवून घेऊन स्वतःच्या ब्रँडखाली विकणारा, बॅटरी आयात करणारा आणि जिच्यात बॅटरी आहे अशी वस्तू आयात करणारा, हे सगळे नियमाच्या लेखी उत्पादकच. तुम्ही यातल्या एकाहून जास्त खणांत बसता.

करायचं काय, ते सांगते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी करा. दरवर्षी ३० जूनपर्यंत ईपीआरचा आराखडा द्यावा लागतो आणि मागच्या आर्थिक वर्षाचं विवरणही त्याच तारखेपर्यंत. सगळा हिशेब वजनाचा असतो, नगांचा नाही. म्हणून पुरवठादाराकडून प्रत्येक मॉडेलच्या बॅटरीचं रसायन आणि ग्रॅममधलं वजन आत्ताच लेखी मागवून घ्या. माल विकून झाल्यावर हे आकडे कुणी देत नाही आणि मग लोक अंदाजाने फॉर्म भरतात. बॅटरीवर फुली मारलेल्या कचरापेटीची खूण हवी. पाऱ्याचं प्रमाण वजनाच्या ०.०००५ टक्क्यांच्या आत हवं आणि लहान सीलबंद बॅटरीत कॅडमियम ०.००२ टक्क्यांच्या आत. चाचणी अहवाल हातात असल्याशिवाय ऑर्डर पक्की करू नका.

आता गोळा करण्याचा भाग. पूर्वी तुम्ही जेवढ्या वजनाच्या बॅटऱ्या बाजारात आणल्या, त्यातला ठरावीक वाटा परत गोळा होऊन रिसायकल झाला पाहिजे. तो जाळता येत नाही आणि जमिनीत पुरताही येत नाही. तुम्ही स्वतः गोळा करू शकता, किंवा नोंदणीकृत रिसायकलरने केलेल्या कामाचं ईपीआर प्रमाणपत्र विकत घेऊ शकता. छोटे व्यापारी बहुतेक दुसरा रस्ता धरतात. कायद्याने तो चालतो. पण प्रमाणपत्र घेण्याआधी रिसायकलरची नोंदणी पोर्टलवर स्वतः तपासा. त्याच्या नोंदणीत तुमच्या बॅटरीचं रसायन आहे का तेही पाहा, कारण शिशाच्या भट्टीत लिथियम बॅटरीचं काही होऊ शकत नाही. उद्दिष्ट चुकलं तर पर्यावरण भरपाई भरावी लागते, आणि भरपाई भरली म्हणून उद्दिष्ट माफ होत नाही, ते तीन वर्षांपर्यंत पुढे ओढलं जातं. राहिलेलं काम वर्षभरात पूर्ण केलं तर भरपाईतले ७५ टक्के परत मिळतात, दोन वर्षांत केलं तर ६० आणि तीन वर्षांत केलं तर ४०.

तुमच्या जागी मी असते तर प्रमाणपत्रावर थांबले नसते. वॉरंटीत परत आलेले टॉर्च तुमच्याकडे येतातच, त्यांच्यासोबत गिऱ्हाइकांच्या जुन्या बॅटऱ्याही घ्यायला सुरुवात करा आणि तसं खोक्यावर छापा.

प्रश्न : इन्व्हर्टरची बॅटरी संपली. दुकानदार नवीच्या किमतीतून जुनीचे पैसे वजा करतो. भंगारवाला त्याहून जास्त देतो, तेही रोख, पण म्हणतो ‘ॲसिड ओतून ठेवा.’ यजमानांचं म्हणणं, जास्त मिळतात तिथे द्यावी. तुमचं मत काय? – एक गृहिणी

उत्तर : दुकानदाराला द्या, आणि ॲसिडसकट द्या. यजमानांना हे उत्तर वाचून दाखवा.

शिसं गाळणाऱ्या कारखान्यात मी रसायनतज्ज्ञ म्हणून नोकरी केली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. नीट चालणाऱ्या कारखान्यात बॅटरी भरलेली येते. ब्रेकर तिचे तुकडे करतो. ते पाण्याच्या टाकीत पडले की प्लॅस्टिक वर तरंगतं आणि शिसं तळाला बसतं. ॲसिड वेगळं काढून चुन्याने किंवा सोड्याने निकामी करतात. भट्टीचा धूर बॅग फिल्टरमधून जातो. कामगारांच्या रक्तातलं शिसं ठरावीक काळाने तपासतात आणि अंघोळ करून कपडे बदलल्याशिवाय कुणाला गेटबाहेर सोडत नाहीत. बॅटरीतल्या प्लेटांवरची ती करडी लुकण वाळली की पिठासारखी उडते, आणि बाहीला चिकटून घरी गेली तर ती आधी रांगत्या मुलाच्या हाताला लागते. या सगळ्याला पैसा लागतो.

तुमचा भंगारवाला दोन पैसे जास्त देतो ते या खर्चातलं काहीच करायचं नसतं म्हणून. माल पुढे कुठेतरी उघड्यावर कुऱ्हाडीने फोडला जातो. ॲसिड आधीच ओतायला सांगतो, कारण ते वाहून न्यायची त्याची तयारी नसते. पण ते नुसतं ॲसिड नाही, त्यात शिशाचे बारीक कण असतात. ते तुमच्या मोरीतून किंवा अंगणातून जमिनीत जातात आणि तिथेच राहतात, कारण शिसं कुजत नाही, विरत नाही. मोठ्या माणसाच्या तुलनेत लहान मूल गिळलेल्या शिशापैकी चार-पाच पट शिसं शोषून घेतं. याहून कमी असेल तर चालेल, अशी कोणतीही पातळी जागतिक आरोग्य संघटना सांगत नाही. युनिसेफ आणि प्रदूषणावर काम करणारी प्युअर अर्थ ही संस्था यांच्या २०२० च्या अहवालाचा अंदाज असा की जगात दर तीन मुलांमागे एकाच्या रक्तात दर डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसं आहे. त्याच्या मोठ्या कारणांत अशा उघड्यावरच्या बॅटरी-भट्ट्या येतात. भंगारवाल्यावर माझा राग नाही. त्याचं पोट त्यावर आहे, आणि त्या धुरात सगळ्यात आधी त्याच्याच वस्तीतली मुलं असतात.

शिसे-आम्ल बॅटरीत निम्म्याहून जास्त वजन शिशाचं असतं, त्यामुळे ती कधी कचऱ्यात पडून राहत नाही, कुणीतरी नेतंच. ती कुठल्या भट्टीत जाते एवढाच प्रश्न. कंपनीची जबाबदारी कंपनीपर्यंत पोचायची तर बॅटरी तिच्या साखळीत परत जायला हवी, आणि त्या साखळीचं पहिलं टोक तुमच्या हातात आहे. दुकानदाराकडून बिलावर जुन्या बॅटरीची नोंद करून घ्या. ‘ही पुढे कंपनीकडे जाते की बाहेर विकता?’ असं त्याला तोंडावर विचारा. दोन गिऱ्हाइकांनी विचारलं की तिसऱ्या वेळी तो सावध होतो.

प्रश्न : आमच्या शाळेत मुलांनी घड्याळं-रिमोटचे जुने सेल गोळा केले. बरण्या भरल्या, पण आता घ्यायला कुणी तयार नाही. भंगारवालाही नको म्हणतो. मुलं रोज विचारतात, काय सांगू? – एक शिक्षिका

उत्तर : मुलांना आधी हे सांगा की तुम्ही बरोबर काम केलंत. वापरलेली बॅटरी घरच्या कचऱ्यात न टाकता वेगळी देणं हे ग्राहकाचं काम आहे, असं नियमातच आहे. ते तुमच्या मुलांनी केलं. पुढचं मोठ्यांचं आहे.

भंगारवाला नको म्हणतो कारण साध्या सेलमधलं जस्त आणि मँगनीज त्याला परवडत नाही. बाजार जे स्वतःहून उचलत नाही, त्यासाठीच तर उत्पादकाला जबाबदार धरण्याची कल्पना आली. स्वीडनचे संशोधक थॉमस लिंडक्विस्ट यांनी ती १९९० मध्ये मांडली. वस्तू संपल्यावरचा खर्च बनवणाऱ्याच्या अंगावर पडला, की तो वस्तूच वेगळी बनवायला लागेल, असा त्यामागचा विचार. युरोपात दुकानदाराला जुने सेल फुकट परत घ्यावे लागतात, खरेदी केली नाही तरी. तिथे २०१६ पर्यंत ४५ टक्के लहान बॅटऱ्या गोळा करायचं बंधन होतं, आता ते २०२७ अखेर ६३ आणि २०३० अखेर ७३ टक्के होईल. आपल्या २०२२ च्या नियमांत उत्पादकावर उद्दिष्टं आहेत, पण दुकानदारावर अशी सक्ती नाही. माझ्या मते हीच मोठी उणीव आहे. जिथून सेल आणतो तिथेच तो परत टाकायची पेटी नसेल, तर माणूस तो कुठे नेणार?

तुम्ही असं करा. सेल ब्रँडप्रमाणे वेगळे करून वजन करा. ज्या दोन-तीन ब्रँडचा ढीग मोठा असेल त्या कंपन्यांना शाळेच्या लेटरहेडवर पत्र लिहा : तुमचे इतके किलो सेल आमच्याकडे आहेत, ते कधी आणि कुठून उचलणार? पत्राची प्रत महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला पाठवा. मजकूर मुलांनाच लिहू द्या. सोबत नगरपालिकेकडेही चौकशी करा. २०१६ च्या घनकचरा नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या घरगुती घातक कचऱ्यात धरल्या होत्या, आणि अशा कचऱ्यासाठी दर २० चौरस किलोमीटरला एक केंद्र असावं असं म्हटलं होतं. पालिका गोळा झालेल्या बॅटऱ्या उत्पादकाला किंवा रिसायकलरला देऊ शकते.

तोवर त्या काचेच्या बरण्या रिकाम्या करा. सेल कोरड्या प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवा, झाकण घट्ट लावू नका. चौकोनी ९ व्होल्टच्या बॅटऱ्या आणि रिचार्जेबल सेल यांच्या टोकांना चिकटपट्टी लावा, एकमेकांना टेकले तर तापतात. बटन सेल तर आजच वेगळे काढून कुलपात ठेवा. मुलाने गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते, लगेच दवाखाना गाठावा लागतो. गळलेले सेल हातमोजे घालून मोठ्यांनीच हाताळावेत.

प्रश्न : जुन्या मोबाइलची बॅटरी फुगली आहे. टाचणीने हवा काढून कचऱ्यात टाकली तर चालेल का? – एक विद्यार्थी

उत्तर : अजिबात नको. आतला वायू पेट घेणारा असतो आणि टाचणीने आतले थर एकमेकांना भिडले की बॅटरी जागेवर पेटते. चार्जिंग बंद करा, फोन दाबू-वाकवू नका, बॅटरी स्वतः काढायला जाऊ नका. फोन तसाच सुकी वाळू भरलेल्या धातूच्या डब्यात ठेवून तो डबा घराबाहेर सावलीत ठेवा आणि त्याच ब्रँडच्या सर्व्हिस सेंटरला फोन करून ‘फुगलेली बॅटरी आणतोय’ असं आधी सांगा. त्यांनी नाही म्हटलं तर ते लेखी मागा आणि मला पाठवा. कंपनीला पत्र मी लिहीन.