सीएफओ संचालक मंडळावर नसेल तर भागधारकाला त्याच्यावर दावा लावता येतो का?

तुमच्या कंपनीच्या सीएफओने, म्हणजे वित्तप्रमुखाने, वाईट बातमी दाबून ठेवली, ती फुटल्यावर शेअर कोसळला, आणि तो संचालक नसल्याने सुटेल अशी तुम्हाला भीती आहे. कंपनी अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात नोंदलेली आहे, म्हणून तिथल्या कायद्याप्रमाणे सांगतो.

संचालक नाही एवढ्यावर तो सुटत नाही. 2009 साली गँटलर विरुद्ध स्टीफन्स खटल्यात डेलावेअरच्या सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की काळजीने काम करणं आणि कंपनीशी निष्ठा राखणं ही कर्तव्यं अधिकाऱ्यांवरही संचालकांइतकीच आहेत. जानेवारी 2023 मध्ये मॅकडोनाल्ड्सच्या मनुष्यबळ प्रमुखावरच्या दाव्यात तिथलं चॅन्सरी न्यायालय (कंपन्यांचे खटले चालवणारं) आणखी पुढे गेलं. लैंगिक छळाच्या तक्रारी वाढत असताना त्याने जाणूनबुजून डोळेझाक केली, हा आरोप होता. आपल्या खात्यावर नजर ठेवणं हेही अधिकाऱ्याचं कर्तव्य आहे, असं न्यायालय म्हणालं.

तरीही त्या निकालानंतर दोन महिन्यांच्या आत तो दावा संपला. तुम्ही नीट समजून घ्यावं असं मला वाटतं ते हेच. अधिकाऱ्याच्या बेफिकिरीने नुकसान होतं ते कंपनीचं, म्हणून दावाही कंपनीचा. भागधारक तो तिच्या वतीने लावतो, आणि भरपाई मिळालीच तर ती कंपनीच्या तिजोरीत जाते. हा दावा लावायचा की नाही, हे एरवी मंडळ ठरवतं. मंडळाला डावलायचं तर किमान निम्मे संचालक निःपक्षपाती निर्णय घेऊच शकत नाहीत, हे दाव्याच्या अर्जातच तपशिलाने मांडावं लागतं. मॅकडोनाल्ड्समध्ये संचालकांवरचे आरोप टिकले नाहीत आणि त्यांच्याबरोबर अधिकाऱ्यावरचा दावाही गेला. मला हा निकाल अजून सलतो.

हे तपशील मिळवायला आधी डेलावेअरच्या कंपनी कायद्याच्या कलम 220 खाली मंडळाच्या बैठकींची इतिवृत्तं मागा. मार्च 2025 च्या दुरुस्तीने मागता येणाऱ्या कागदांची यादी आखूड केली आहे, तेव्हा मागणीत हेतू नेमका लिहा.

2022 पासून कंपन्या आपल्या सनदेत (स्थापनेच्या दस्तऐवजात) अधिकाऱ्यांना निष्काळजीपणाच्या भरपाईतून सूट देऊ शकतात. पण ती सूट भागधारकांच्या थेट दाव्यांपुरती आहे, कंपनीच्या वतीने लावलेल्या दाव्याला ती लागू होत नाही.

सीएफओने खोटी विधानं केली असतील आणि त्यानंतर, सत्य बाहेर येण्याआधी, तुम्ही शेअर घेतला असेल, तर नुकसान तुमचं स्वतःचं ठरतं. मग रोखे कायद्याच्या नियम 10बी-5 खाली, म्हणजे शेअर व्यवहारातल्या फसवणुकीविरुद्धच्या नियमाखाली, फेडरल कोर्टात थेट जाता येतं. तुम्ही खरेदीची तारीख लिहिलेली नाही. आधी ती पाहा.