‘पासंग’: मोंढ्यातला शब्द, निवडणुकीच्या कामाचा

लातूरला कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आला आहे. तुर्कस्तानच्या २०२३ च्या अध्यक्षीय निवडणुकीबद्दल त्या मुलांना सांगत होत्या. लढत चुरशीची होती, लोकांनी खरोखर मते दिली, ती मोजलीही गेली. तरी निवडणूक न्याय्य झाली असे म्हणवत नाही. ‘पुस्तकात याला समान संधीचे मैदान नसणे म्हणतात. पण मैदान म्हटले की माझ्या पोरांना क्रिकेट दिसते. आपल्या भाषेत यासाठी शब्द नाही का?’

आहे ताई, आणि फार लांब नाही. मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, जा. तिथला शब्द आहे ‘पासंग’.

तराजू रिकामा असताना दोन्ही पारडी एका रेषेत राहायला हवीत. नाही राहिली, काही न घालताच एक खाली गेले, तर त्या फरकाला पासंग म्हणतात. तो फरक काढायला हलक्या बाजूला जो खडा किंवा खिळा बांधतात, तोही पासंगच. फारसीत ‘संग’ म्हणजे दगड; संगमरवरातला संग तोच. ‘हा त्याच्या पासंगालाही पुरत नाही’ असे आपण सहज म्हणून जातो, त्यातला अर्थ हाच: वजन म्हणून राहू द्या, पासंगाचा खडा म्हणूनही हा कमीच पडेल.

माझ्या लहानपणी वडिलांबरोबर तूर घालायला आडतीवर जात असे. मापाड्याने पोत्याला हात घातला की वडील म्हणायचे, ‘थांबा मामा, आधी मोकळा काटा दाखवा.’ मापाडी दांडी उचलून धरायचा आणि काटा मधोमध येऊन थांबेपर्यंत वडील एक शब्द बोलायचे नाहीत. एका वर्षी तो मधे थांबलाच नाही, बोटभर कललेला राहिला. वडिलांनी वजनाचे पारडे उलटे केले, तर तळाला चिंचेच्या गोळ्यात लोखंडाचा तुकडा थापलेला! ‘पासंग हाय की हो ह्याच्यात,’ एवढेच ते बोलले आणि पोती परत गाडीत चढवली. वजने खरी होती, तूर खरी होती, मोजणाराही आकडा खरा सांगत होता. खोट होती ती पहिले पोते चढायच्या आधीची.

तुर्कस्तानात नेमके हेच झाले. १४ मे २०२३ च्या पहिल्या फेरीत सत्तेवरचे अध्यक्ष रेजेप तय्यिप एर्दोआन यांना ४९.५२ टक्के मते पडली, विरोधकांचे केमाल कुलुचदारोलू यांना ४४.८८. निम्म्या मतांना जेमतेम अर्धा टक्का कमी पडला म्हणून २८ मे रोजी दुसरी फेरी झाली. ती एर्दोआन यांनी ५२.१८ टक्क्यांनी जिंकली. दोघांत सुमारे २३ लाख मतांचे अंतर. युरोपीय निरीक्षकांनी सांगितले की मतदारांपुढे खरा पर्याय होता, पण सत्ताधाऱ्यांना गैरवाजवी फायदा मिळत होता. त्या एप्रिलमध्ये सरकारी वाहिनीने एर्दोआन यांना ३२ तासांहून अधिक वेळ दाखवले आणि कुलुचदारोलूंना ३२ मिनिटे. माध्यम नियामक मंडळावरच्या विरोधी सदस्यांनी काढलेला हा हिशेब. चिंचेचा गोळा तो हाच. कुर्दांचे नेते सेलाहत्तिन देमिर्ताश तर २०१६ पासून तुरुंगात होते.

आपली निवडणुकीची भाषा निम्मी तराजूवरच उभी आहे. कोणाचे पारडे जड, उमेदवार तोलामोलाचा, दोघे तुल्यबळ (तुला त्यातही आहे). ‘काट्याची टक्कर’ हिंदीतून आली खरी, पण तिच्यातला काटा मला बाभळीचा न वाटता तराजूचाच वाटतो. मग पासंग शब्द तेवढा मोंढ्यातच का राहावा? दहा क्विंटलांचा फरक असेल तर पासंगाने काही अडत नाही. काटा केसभर इकडे की तिकडे, अशा वेळीच पासंग निकाल फिरवू शकतो. म्हणून चुरशीची निवडणूक आणि पासंग हे शब्द एकत्र शिकवा.

अजून एक शब्द तुमच्या मुलांना ओळखीचा निघेल. इस्तंबूलचे तेव्हाचे महापौर एक्रेम इमामोलू २०२३ चे तगडे उमेदवार ठरले असते. मार्च २०१९ ला ते तिथे जेमतेम १३ हजार मतांनी निवडून आले, ती निवडणूक रद्द झाली, आणि जूनच्या फेरमतदानात ते सुमारे ८ लाखांनी जिंकले! पुढे गृहमंत्र्यांनी त्यांना ‘अहमक’, म्हणजे मूर्ख, म्हटले. त्यांनी उत्तर दिले की ३१ मार्चची निवडणूक रद्द करणारेच अहमक. या एका शब्दासाठी डिसेंबर २०२२ मध्ये त्यांना २ वर्षे ७ महिने १५ दिवसांची शिक्षा आणि राजकारणबंदी झाली. अपील बाकी होते, पण टांगती तलवार राहिलीच. अरबीतला हा शब्द तुर्कीतही तोच, आपल्या दखनीतही तोच. छत्रपती संभाजीनगरच्या गल्लीत पोराला आई दिवसातून चारदा अहमक म्हणते. तेवढ्या शब्दावर माणूस निवडणुकीच्या बाहेर जाऊ शकतो, हे ऐकून मुलांना मैदानाची उपमा आठवणारही नाही.

मात्र प्रत्येक खोटीला पासंग म्हणू नका. मोजतानाची चोरी वेगळी. तिला उसाच्या पट्ट्यात ‘काटामारी’ हा रोखठोक शब्द आहे. एर्दोआन यांना अध्यक्षीय सत्ता देणारे एप्रिल २०१७ चे सार्वमत ५१.४१ टक्क्यांवर पार पडले, तेव्हा अधिकृत शिक्का नसलेल्या मतपत्रिकाही धराव्यात असा निर्णय मतदानाच्याच दिवशी झाला. माप चालू असताना वजन बदलणे ते हे, मापातले पाप. आणि मार्च २०२५ मध्ये इमामोलूंची पदवी विद्यापीठाने रद्द केली, दुसऱ्या दिवशी त्यांना अटक झाली. हा पासंग राहिला नाही. दुसऱ्या पारड्यातले वजनच उचलून नेले.

राहिला व्याकरणाचा भाग. पासंग पुल्लिंगी: तो पासंग, पासंगाचा, पासंगाला. ‘निवडणुकीत पासंग होता’ किंवा ‘सरकारी वाहिनीचा पासंग एका बाजूला होता’, दोन्ही चालेल. फळ्यावर आधी तराजूच काढा, ताई, रिकामा.