काउपर्स सिरिंगोसील हा गुप्तरोग आहे का? लग्नाआधी ऑपरेशन करावं लागेल का?

तुम्ही लिहिलंय की वय 26 आहे, लघवी करून बाहेर आल्यावर पँटमध्ये थेंब गळतात, आरजीयूच्या (मूत्रमार्गात औषध भरून काढतात त्या एक्स-रेच्या) रिपोर्टमध्ये 'काउपर्स सिरिंगोसील' आलंय आणि लग्न सहा महिन्यांवर आहे.

हा गुप्तरोग नाही. होणाऱ्या बायकोला लागत नाही, आणि हा कॅन्सरही नाही. मी डॉक्टर नाही, पण चार वर्षांपूर्वी हाच शब्द माझ्या रिपोर्टवर होता. तो वाचून रात्रभर झोप लागली नव्हती, म्हणून तुमचा प्रश्न दिसताच लिहायला बसलो.

अंडकोष आणि गुदद्वार यांच्या मधे, योगासनं शिकवणारे जिला शिवण म्हणतात, तिच्या आत खोलवर वाटाण्याएवढ्या दोन ग्रंथी असतात. इंग्रज शल्यविशारद विल्यम काउपर यांनी 1699 साली त्यांचं वर्णन केलं, म्हणून या काउपर ग्रंथी. उत्तेजना आल्यावर वीर्याआधी जो पारदर्शक, बुळबुळीत थेंब येतो, तो बराचसा यांचाच. प्रत्येक ग्रंथीची एक बारीक नळी मूत्रमार्गात उघडते. ती नळी फुगली की सिरिंगोसील. पुष्कळदा हा दोष जन्मापासूनच असतो, कळतो मात्र उशिरा.

त्या पारदर्शक थेंबालाच आपल्याकडे 'धातू जातो' म्हणून पोरांना घाबरवतात. एसटी स्टँडच्या मुतारीत ज्यांच्या जाहिराती चिकटवलेल्या असतात, तशाच एकाकडे मी आठ महिने पुड्या घेतल्या. मग एका दवाखान्यात प्रोस्टेटची सूज म्हणून तीनदा अँटिबायोटिकचे कोर्स झाले. दोन्हीकडे लघवीबद्दल नीट कुणी विचारलंच नाही, आणि लाजेपायी मीही सांगितलं नाही. काळ्या पँटी आणि खिशात जादा रुमाल, असं माझं वर्ष गेलं.

उलगडा झाला तो आरजीयूनेच. तुम्ही तपासणी करून घेतलीये, म्हणजे माहीतच आहे: गार टेबलावर कुशीवर झोपवतात, लघवीच्या वाटेने औषध भरतात, आग होते. युरॉलॉजिस्टनी माझी फिल्म उजेडावर धरली. मूत्रमार्गाच्या पांढऱ्या पट्ट्याखाली त्याला समांतर दुसरी बारीक पांढरी रेघ होती. "लघवी इथे शिरून बसते आणि तुम्ही चालायला लागलात की बाहेर येते," ते म्हणाले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्या गळतीचं कारण मला डोळ्यांनी दिसलं.

याला उघडा प्रकार म्हणतात. दुसरा बंद प्रकार. त्यात नळीचं तोंड बुजलेलं असतं, आतला स्राव साठून फुगा होतो आणि तो मूत्रमार्गावर दाबतो. मग धार बारीक होते, जोर करावा लागतो. त्या फिल्मवर समांतर रेघ नसते, मूत्रमार्गाच्या खालच्या बाजूला गोलसर दाब दिसतो. तुमचा कोणता, हे डॉक्टरांना आधी विचारा, कारण पुढचं बरंचसं त्यावर ठरतं.

ऑपरेशन प्रत्येकाला लागत नाही. त्रास नसेल किंवा किरकोळ असेल तर नुसतं लक्ष ठेवतात. लघवीनंतर अंडकोषामागून पुढे बोटांनी हलका दाब देत आणलं की उरलेली लघवी निघून जाते. मला हे सांगितलं तेव्हाच निम्मा त्रास गेला. पण जंतुसंसर्ग पुन्हापुन्हा होत राहिला, म्हणून शेवटी करून घेतलं. दुर्बीण लघवीच्या वाटेनेच घालतात आणि फुगलेल्या नळीचं छत उघडून टाकतात. बाहेरून टाका नाही. कमरेत इंजेक्शन होतं, त्यामुळे तेव्हा दुखलं नाही. दोन दिवस कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, आत होता, तो मात्र फार खुपला. फुगा मोठा असेल तर क्वचित शिवणीवरून छेद घ्यावा लागतो.

थंडी वाजून ताप आला, रक्त पडलं किंवा लघवी अडली, तर अपॉइंटमेंटची वाट पाहू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

लग्नाची काळजी कळते. शुक्रजंतू अंडकोषात तयार होतात, या ग्रंथींत नाही. मला आता दीड वर्षाची मुलगी आहे. बायकोला मी साखरपुड्यानंतर सांगितलं होतं, फिल्मच दाखवली. तिने एवढंच विचारलं, "दुखतं का?"

पुढच्या वेळी कागदी रिपोर्टसोबत फिल्मही घेऊन जा. माझ्या डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवून आधी तीच मागितली होती.