लॅटिनमधील 'मेमिनी' हे क्रियापद भूतकाळी दिसते, मग त्याचा अर्थ 'मला आठवते' असा वर्तमानकाळी का?

'मेमिनी'चे रूप पूर्ण भूतकाळाचे असले, तरी क्रिया पूर्ण होऊन उरलेली स्थिती त्यातून सांगितली जाते. मराठीत 'तो बसला आहे' म्हणताना आपण त्याची आत्ताची स्थितीच सांगतो, तसेच हे आहे. त्यामुळे 'मला आठवत होते' म्हणायचे झाल्यास 'मेमिनेराम' हे आणखी एक पायरी मागचे रूप वापरावे लागते. आज्ञार्थ 'मेमेंतो', म्हणजे 'लक्षात ठेव'.

कर्माच्या विभक्तीकडे मात्र विशेष लक्ष द्यावे. आठवण व्यक्तीची असेल तर सहसा षष्ठी येते, जसे रोमन लेखक सिसेरोचे 'विवोरुम मेमिनी', म्हणजे 'मला जिवंतांचीही आठवण आहे'. वस्तू किंवा घटना असेल तर द्वितीयाही चालते. संस्कृत शिकलेल्यांना 'मातुः स्मरति' ('आईची आठवण काढतो') हा प्रयोग येथे हमखास आठवेल, कारण पाणिनीनेही स्मरणार्थक धातूंच्या कर्माला षष्ठी सांगितली आहे. वादळातून कसेबसे किनाऱ्याला लागलेल्या सोबत्यांना धीर देताना रोमन कवी व्हर्जिलच्या महाकाव्याचा नायक इनियस म्हणतो, 'फोर्सान एत हाएक ओलिम मेमिनिस्से युवाबित', म्हणजे 'कदाचित हेही पुढे कधीतरी आठवून बरे वाटेल'. यातील 'मेमिनिस्से' हे याच क्रियापदाचे भाववाचक रूप ('आठवणे') असून 'हाएक', म्हणजे 'या गोष्टी', ही त्याची द्वितीया आहे.