दहावीचे शाळेच्या हातातले २० गुण बंदच करावेत का?

एकदा करून झालंय की! मार्च २०१९च्या दहावीला भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत गुण काढले होते. राज्याचा निकाल ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर घसरला (अभ्यासक्रमही नवा होता म्हणा), आणि पुढच्याच वर्षी ८०-२० (८० लेखी, २० शाळेचे) परत आलं.

माझ्या मते गोची गुणांत नाही, ते देण्यात आहे. मी मराठी शिकवतो. बऱ्याचदा तोंडी परीक्षा म्हणजे यादीवरून सरसर खाली उतरणारं पेन: १८, १९, १९, १८. यंदा मी प्रत्येकाला अनोळखी उतारा वाचायला दिला, दोन प्रश्न विचारले. वाचनाला किती, समजलं त्याला किती, हे आधीच फळ्यावर लिहून ठेवलं. एकाला ११ पडले. वडील तणतणत आले, त्यांना फळ्याचा फोटो दाखवला.